दहावा टोला

दहावा टोला कोणी दिला?

तुक्याने हा प्रश्न ज्याला ज्याला विचारला, त्यांतल्या एकानेही उत्तर दिलं नाही. तलासरीच्या मोबाईलवाल्याने व्हिडिओ हळू करून तीनदा पाहिला, मग फोन काउंटरवर पालथा ठेवला आणि म्हणाला, "घेऊन जा हा. आणि परत आणू नको." बुधी आजीने कानांवर हात ठेवले. पाळकसाहेब म्हणाले, टेकडीवर आवाज घुमतो. पण म्हणताना त्यांनी तुक्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

व्हिडिओ दीड मिनिटाचा होता. त्यात तुक्याचा मोठा भाऊ गणू चर्चच्या मनोऱ्याखाली उभा राहून घंटेचा दोर ओढतो. नऊ वेळा. तुक्याने बोटांवर मोजून पाहिलं होतं, एकदा नव्हे, शंभरदा. नवव्या टोल्यानंतर गणू दोर सोडतो, तळहात चड्डीला पुसतो आणि हसत हसत फोनकडे येतो. अगदी जवळ येतो. त्याचा किडलेला दात दिसतो. आणि त्याच्या पाठीमागे, मोकळ्या लोंबणाऱ्या दोरावर, घंटा आणखी एकदा वाजते.

सुरुवात किती साधी होती! चैत्र संपत आला होता, महालक्ष्मीची जत्रा नुकतीच उठली होती. तलासरीच्या बाजारात पांढऱ्या कॉलरचा एक माणूस ताडीवाल्यांमध्ये विचारत फिरत होता, की उंच चढणारा कोणी मिळेल का. लोकांनी गणूकडे बोट दाखवलं. त्यांच्या झरी गावाच्या आसपास ताडावर गणूइतकं झपाझप चढणारं दुसरं कोणी नव्हतं. पायात दोरीचा फास अडकवला की तो माणूस राहत नसे, खार होई.

"किती उंच आहे, फादर?" गणूने विचारलं.

"फादर कॅथलिकांचे. आम्ही अँग्लिकन. मला पाळक म्हणायचं. रेव्हरंड अमोलिक."

"बरं, पाळकसाहेब. ताड असला तर ताडीपण काढून देतो."

तुक्या खो खो हसला. अमोलिकांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

ते नगरकडचे. वय छप्पन्न. निवृत्तीला चार वर्षं उरली होती आणि ही शेवटची नेमणूक. झरीच्या पलीकडच्या टेकडीवरचं दगडी चर्च चौदा वर्षं बंद पडलेलं. आसपासच्या पाड्यांत पाचसहा ख्रिस्ती घरं उरलेली, बाकी सगळी तुक्यासारखी देवदेवस्की पाळणारी. अमोलिक सरावलीला खोली घेऊन राहिले होते, आणि रोज सकाळी स्कूटरवरून येऊन एकेक काम उरकत होते. वटवाघळं हाकलली. कौलं बसवली. बाकांना रंग दिला. महिन्याभराने, एका रविवारी, बिशप येऊन रीतसर त्यांच्या हाती चर्चची किल्ली देणार होते. त्याआधी घंटेला दोर हवा होता. जुना उंदरांनी खाल्ला होता.

दोर अमोलिकांनीच डहाणूच्या बंदरावरून आणला. होडीचा, हिरवा, मनगटाएवढा जाड. त्याला सुक्या बोंबलांचा असा दर्प होता, की गणू म्हणाला, "साहेब, याची आमटी होईल."

मनोऱ्यात शिडी नव्हती. गणू भिंतीच्या दगडांत बोटं रोवत वर गेला. अर्ध्या तासाने दोराचं टोक सळसळत खाली आलं आणि पाठोपाठ तो. अंगभर वटवाघळांची घाण आणि चेहऱ्यावर मोठं काम फत्ते झाल्याचा आनंद.

आता देवाच्या दारात घंटा टांगली, तर माणूस काय करतो? हात जोडतो आणि वाजवतो. गणूनेही तेच केलं. चपला काढल्या, दोर कपाळाला लावला आणि ओढला. एक महालक्ष्मीला. एक वाघोबाला. एक सोमीच्या पोटातल्या बाळाला. सोमी म्हणजे गणूची बायको, तिला तेव्हा सातवा लागला होता. तिथेच थांबायचा तो. पण तुक्या समोर फोन धरून उभा होता आणि ओरडत होता, "अजून, दादा! अजून एक! पार सायवनपर्यंत जाऊ दे!"

म्हणून नऊ.

मागच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. अमोलिक बाहेर आले ते हातात रंगाचा ब्रश घेऊनच. आत भिंतीवर या चर्चच्या सगळ्या पाळकांच्या नावांची पाटी होती. पुसट झालेली अक्षरं ते गिरवत होते. ब्रशवरून काळा रंग त्यांच्या झग्यावर ठिबकत होता.

"कोणी सांगितलं वाजवायला? अरे, कोणी सांगितलं?"

"चुकलं, साहेब," गणू वरमला. "घंटा दिसली की हात जातोच."

"ती माझी घंटा आहे! नेमणुकीच्या दिवशी पहिला टोला माझा! चौदा वर्षांनी..."

"घंटा बांधायला सांगता आणि वाजवायची नाही, हे मनात ठेवता?" तुक्या मध्ये पडला. "आम्ही काय तुमच्या पोटात शिरलो होतो?"

दाराशी बुधी आजी झाडत होती. मागचे तीन पाळक तिने पाहिले होते. ती हळूच म्हणाली, "किती वाजवले, बाबा?"

"नऊ," गणू म्हणाला.

अमोलिकांनी वळून मोकळ्या दोराकडे पाहिलं. बुधी आजीने झाडू भिंतीला टेकवला, पदर डोक्यावर घेतला आणि टेकडी उतरून निघून गेली. तो झाडू न्यायला ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून गणूने ताडावर चढणं सोडलं. दिवसभर अंगणात बसे. दिवे लागायची वेळ झाली की उठे आणि चालू लागे. आज या पाड्यावर, उद्या त्या. प्रत्येक घराच्या दारात थांबे, उजवा हात खांद्याएवढा वर करी आणि विचारी, "घरात किती माणसं?"

लोकांना आधी गंमत वाटली. हाल्याने, ज्याच्या मोटरसायकलवर दोघे भाऊ कामाला जात, त्याने विचारलं, "काय रे गण्या, रेशनकार्ड काढतोस काय?" गणू हसला नाही. तो हाल्याकडे पाहतच नव्हता. त्याच्या पलीकडे, घराच्या आत पाहत होता. घरी आल्यावर तुक्याने खोदून खोदून विचारलं तर म्हणे, "कुठे गेलो होतो मी? इथेच तर होतो." त्याच्या हातांना बोंबलांचा वास येत असे. सोमीने राखेने हात घासले, लिंबू चोळलं. वास गेला नाही.

नवव्या दिवशी तो परतला नाही. तुक्या टेकडीवर गेला. चर्चचं दार बंद होतं. आतबाहेर दोन्हीकडून एकाच किल्लीने चालणारं जुनं कुलूप होतं ते, आणि किल्ली सरावलीला अमोलिकांच्या खिशात. तुक्याने खिडकीच्या गजांतून आत पाहिलं. पहिल्या बाकावर गणू ताठ बसला होता. हाका मारल्या, दगड मारला. अमोलिकांनी येऊन दार उघडलं तेव्हा गणू थंड होता.

दवाखान्यात म्हणाले, हृदय थांबलं. सत्तावीस वर्षांचा माणूस, साठ हात ताडावर चढणारा. बंद दारातून आत कसा गेला, ते कोणी कागदावर लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला जाळून सगळे घरी आले. दिवेलागण झाली. तुक्या ओट्यावर बसला होता. आतून सोमी म्हणाली, "तुक्या, बोंबील कोणी भाजले रे? आज तर घरात चूल नाही."

तुक्यालाही वास आला. मग कुंपणाशी पावलं वाजली. ओळखीची, जरा फरपटणारी. तुक्याने मान वर केली नाही. त्याला वर करवेना.

"घरात किती माणसं?"

आवाज गणूचा होता. पण असा, की लांबलचक रिकाम्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी उभं आहे आणि तिथून बोलतंय...

सोमी धावत बाहेर आली. तुक्याने तिला कमरेला विळखा घालून आत ओढलं, तोंडावर हात दाबला आणि पायाने दार लोटलं. तिने त्याच्या तळहाताला कडकडून चावा घेतला. रक्त आलं, पण त्याने हात काढला नाही. बाहेर तो बराच वेळ थांबला. उत्तराची वाट पाहत थांबला, आणि मग गेला.

त्यानंतर रोज. पहिल्या दिवशी कुंपणाशी, मग अंगणात, मग तुळशीपाशी, मग ओट्याच्या पायरीवर. दुसऱ्या कोणाच्या दारी तो आता जात नसे. एकाच घरी येई. पाड्यावरच्या लोकांनी तुक्याच्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. हापशावर सोमी आली की बाया कळशा उचलून चालत्या होत. हाल्या एकदा कुंपणाबाहेरूनच ओरडला, "तुझ्या वहिनीला माहेरी नेऊन सोड! तुमच्या पायी आमच्या दारात येईल तो!"

शेवटी बुधी आजीने सांगितलं. तुक्या दोन दिवस तिच्या दारात बसून राहिला तेव्हा.

"नवा पाळक आला की घंटा वाजवतो. जितके टोले, तितकी वर्षं तो इथे राहतो. मी तिघे पाहिले. एकाने सहा वाजवले, सहाव्या वर्षी बदली. एकाने अकरा वाजवले, अकराव्या वर्षी गेला. टोला चुकला नाही कधी."

"गणू पाळक नव्हता."

"म्हणून त्याला दिवस मिळाले. बिशपने डोक्यावर हात ठेवून नेमलेल्याला वर्षं, दुसऱ्याला दिवस. ती जागा चौदा वर्षं रिकामी होती, बाबा. तिने पहिला वाजवणारा घेतला."

"मग नऊ दिवस झाले की! आता कशाला येतो?"

"नऊ त्याचे होते, ते सरले. दहावा त्याने वाजवलाच नाही. जो आपला नाही, तो सरणार कसा?"

"दहावा कोणी दिला, आजी?"

तेव्हा तिने कानांवर हात ठेवले. तुक्या उठला, तशी मात्र पाठीमागून म्हणाली, "नवा पाळक आला की पहिलं काम, घरोघर जाऊन माणसं मोजायची. सांगितलं की ती माणसं त्याची होतात. सोमीला सांग, बोलू नको. रविवारपर्यंत दम धर. दुसरा आला की पहिला सुटतो."

रविवार! तुक्याने त्या एका शब्दावर बारा दिवस काढले. ज्या माणसाचं नरडं दाबावं असं त्याला रोज वाटे, त्याच माणसाची तो वाट पाहू लागला. अमोलिक येतील, घंटा वाजवतील, गणू सुटेल.

शनिवारी दुपारी उशिरा सोमीने भाकरी थापता थापता, जसं काही मीठ संपल्याचं सांगावं, तसं सांगितलं, "आज मी उत्तर देणार."

"वहिनी, उद्या रविवार आहे. एक दिवस."

"काल त्याने उंबऱ्यावर पाय ठेवला. मी पाहिला. अंगठ्याचं नख फुटलंय त्याच्या." ती भाकरीकडे पाहत होती. "जिवंत होता तेव्हाही कधी काही मागितलं नाही. आता एवढंच मागतोय. तीन म्हणायला काय जातं?"

"तिसरा पोटात आहे तुझ्या!"

"त्याचाच आहे."

"मी बोलू देणार नाही."

आता तिने मान वर केली. बारा दिवसांत तिचे डोळे खोल गेले होते. "तू? तू बोलू देणार नाहीस? 'अजून, दादा, अजून' कोण ओरडत होतं रे? मी ऐकलाय तो व्हिडिओ. तीनवर थांबला होता माझा नवरा. तीन दिवसांत काय बिघडलं असतं, काय नाही, देव जाणे. पण नऊ तू करून घेतलेस."

तुक्या तिथून उठला तो थेट हाल्याच्या अंगणात. मोटरसायकलला किल्ली लटकत होती. त्याने विचारलं नाही. हाल्याच्या शिव्या मागे उरल्या आणि गाडी सरावलीच्या रस्त्याला लागली. त्याला पाळकाला आजच आणायचं होतं, उद्यापर्यंत थांबायचं नव्हतं.

अमोलिकांच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर बॅग, बॅगेत घडी केलेला झगा. ते पुस्तकं भरत होते.

"कुठे निघालात?"

अमोलिक दचकले. मग खुर्चीवर बसले. "बिशपसाहेबांना कळवलंय. माझी तब्येत बरी नाही. उद्याचा कार्यक्रम रद्द."

तुक्याने त्यांची कॉलर धरली. पांढरी पट्टी निघून त्याच्या हातात आली. "चला. आत्ता चला. एक टोला वाजवा आणि मग मरायचं तिथे मरा!"

"मला चार वाजवायचे होते," अमोलिक म्हणाले. त्यांचा गळा मोकळा झाला होता, पण त्यांनी हालचाल केली नाही. "निवृत्तीला चार वर्षं. इंग्लंडातली जुनी गंमत आहे ती, माझा विश्वास नव्हता. सगळे पाळक हसत हसत वाजवतात. पण त्या दिवशी मी आत पाटी रंगवत होतो... मी दहा मोजले, तुकाराम."

"नऊ वाजवले त्याने."

"मला माहीत आहे. नवव्याला मी दार उघडलं होतं. दहाव्याला दोर हलला नाही." त्यांनी डोळे मिटले. "मी चार वाजवले आणि पाच ऐकू आले, तर?"

"आणि माझ्या भावाचं काय? त्याला तुम्ही चढवलंत!"

"मी चढवलं. खरं आहे." अमोलिक आता सरळ त्याच्याकडे पाहत होते. त्यांच्या आवाजात जुना कडवटपणा आला. "आणि वाजव म्हणून ओरडलं कोण?"

तुक्याचा उगारलेला हात तसाच राहिला. खाली रस्त्यावरून चिकूंनी भरलेला टेम्पो गेला. खोलीभर गोडसर, आंबूस वास पसरला.

टेबलावर चर्चची किल्ली होती. लोखंडी, वीतभर लांब. तुक्याने ती उचलली.

"तुझं ते काम नाही," अमोलिक पुटपुटले. "तुला वर्षं मिळणार नाहीत."

"मला वर्षं नकोतच."

टेकडीवर तो पोचला तेव्हा सूर्य ताडांच्या मागे उतरला होता. वारा पडलेला. चर्चच्या दारात बुधी आजीचा झाडू अजून भिंतीला टेकून होता आणि त्याच्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं. तुक्याने दार उघडलं, आत गेला आणि किल्ली आतून फिरवून खिशात टाकली. का, ते तेव्हा त्यालाही कळलं नाही. कदाचित कोणी मागून येऊन अडवू नये म्हणून.

आत नव्या रंगाचा वास होता. त्याखाली दुसरा. बोंबलांचा.

"दादा?"

बाकांवर महिन्याभराची धूळ बसली होती. फक्त पहिल्या बाकावर, कडेला, एका माणसाच्या बसण्याएवढी जागा स्वच्छ होती.

मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. समोरच पाटी. तुक्या पाचवीत शाळा सोडलेला, त्याला वाचायला वेळ लागे. एकेका अक्षरावर बोट ठेवून तो खाली खाली आला. इंग्रजी नावं, ती त्याला कळली नाहीत. मग मराठी. नावापुढे आकडा. सहा. अकरा. त्याखाली अमोलिकांनी स्वतःच्या नावासाठी सोडलेली जागा. ती रिकामी नव्हती. काळ्या रंगात, वळणदार, शाळेतल्या बाईंसारख्या अक्षरांत लिहिलं होतं. ग. ण... तुक्याने बोट पुढे नेलं नाही. नावापुढे नऊचा आकडा होता आणि त्यापुढे एक लांब रेघ. ती पाटीच्या कडेपर्यंत गेली होती. तिथे संपली नव्हती, भिंतीवर उतरली होती.

बाहेर बाक करकरला. कोणीतरी उठलं होतं.

दिवे लागायची वेळ झाली होती. म्हणजे तो आता निघणार. टेकडी उतरणार, काट्यांवरून चालणार, उंबरा ओलांडणार. आणि घरात सोमी दार उघडं टाकून, केस विंचरून बसली असणार.

तुक्या धावला. बाकांकडे न पाहता धावला. मनोऱ्याखाली हिरवा दोर लोंबत होता. त्याने तो दोन्ही हातांनी धरला. हात जोडले नाहीत, कपाळाला लावला नाही, कोणाचं नाव घेतलं नाही. ओढला.

टोला पडला. एकच. आवाज टेकडीवरून खाली पाड्यांवर, ताडांवर, दूरपर्यंत पसरत गेला.

आता दुसरा होऊ द्यायचा नव्हता. एकच दिवस पुरे होता. घंटा मागे झुलली तसा दोर वर खेचला जाऊ लागला. तुक्याने तो मनगटाला गुंडाळला आणि सगळं वजन टाकून खाली बसला. दोर वर ओढतच होता. घंटेच्या झोक्याने ओढला जावा तसा नाही, विहिरीवर माणूस बादली ओढतो तसा, हात बदलत, थांबून थांबून... तुक्याचे खांदे ताणले गेले, टाचा जमिनीवरून सुटल्या. त्याने दात दोरात रोवले. तोंडात मीठ आलं.

मग सुटला. दोर सैल पडला. सगळं शांत झालं.

त्याच्या मागून पावलं गेली. फरपटणारी. ती दारापाशी थांबली. कुलूप वाजलं नाही, बिजागरी वाजली नाही, पण बाहेरच्या पायऱ्यांवरून ती उतरताना त्याला ऐकू आली. हलकी, भराभर, ताडीचं मडकं भरल्यावर गणू घरी निघे तशी. बोंबलांचा वास गेला होता. तुक्या दगडी फरशीवर आडवा पडून हसला आणि हसता हसता रडला.

फोन वाजला. सोमी.

"तुक्या..." ती हुंदके देत होती. "तो आला नाही. मी दारातच बसलेय. दिवा लावून किती वेळ झाला. आज आला नाही रे."

"आता येणार नाही."

"कुठे आहेस तू? घंटा... तू वाजवलीस?"

"हो. ऐक, वहिनी. किती पण झालं तरी उद्या दार..."

"किती वाजवलेस?"

"एक. एकच. एक दिवसाचं आहे, मग..."

तिच्यामागे पाड्यावरची कुत्री भुंकत होती.

"तुक्या," ती हळू म्हणाली, "मी मोजत होते. दोन झाले."

तुक्याने मान वर केली. दोर स्थिर होता. वर मनोऱ्यात काळोख होता आणि त्या काळोखात घंटा दिसत नव्हती. मनगटाला दोराचा वळ होता. त्याने मनगट नाकाशी नेलं. वास गेला नव्हता. तो फक्त एकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर आला होता.

"वहिनी," तो म्हणाला. आवाज शक्य तितका नेहमीसारखा ठेवला. "बाळंतपणाला माहेरी जा. उद्या सकाळीच. हाल्या सोडेल, त्याची गाडी चर्चपाशी उभी आहे म्हणून सांग. आणि दिवेलागणीला दारात कोणी आलं..."

"तू?"

"कोणी पण. मी असलो तरी. मी हात जोडले, रडलो, तरी. मी विचारेन, तू सांगू नको."

"तुक्या, घरी ये आधी."

"शपथ घे."

तिने घेतली. त्याने फोन बंद केला.

बाहेर पुरतं अंधारलं नव्हतं. त्याच्या पायांत एक हुरूप भरू लागला होता, टेकडी उतरून कुठेतरी जायला उशीर होतोय असा. उजवा हात आपसूक खांद्याएवढा वर येत होता. त्याने तो डाव्या हाताने धरून खाली दाबला. मग खिशातली वीतभर किल्ली काढली, खिडकीशी गेला आणि गजांतून हात बाहेर काढून, उतारावरच्या करवंदीच्या जाळीत, जितकी लांब जाईल तितकी लांब भिरकावून दिली.